गोदी डबक्यात बांधू नका: स्ट्रॅटेजी गेममध्ये पाणी बघून इमारत मांडायची रीत

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे परळला आला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'रेड अलर्ट २' आहे. गेम २००० सालचा, पण अजून मजेत चालतो. पोराने बेस उभा केला, पैसे जमवले आणि हजार क्रेडिट मोजून नेव्हल शिपयार्ड बांधलं. त्यातून हजार-हजारची दोन डिस्ट्रॉयर काढली. मग माउस नेला तो थेट नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, शत्रूच्या किनाऱ्यावर. क्लिक. जहाजं चार बोटं सरकली आणि थांबली. परत क्लिक, परत तेच. "मामा, गेम हँग झालाय." मी चष्मा लावून बघितलं, तर साहेबांनी गोदी बांधली होती एका तळ्यात. चहूबाजूंनी जमीन. शिपयार्डसकट तीन हजारांची बदकं पोहत होती.

मी हसलो खरा, पण ही चूक मीही केली आहे आणि तुम्हीही कराल. नवा खेळाडू पाण्याकडे निळी मोकळी जागा म्हणून बघतो. गेममधलं पाणी मात्र कुठे रस्ता असतं, कुठे कुंपण, कुठे शेत, तर कुठे चक्क गटार. आपल्या समोरचं पाणी यातलं कोणतं, हे इमारत ठेवायच्या आधी कळलं पाहिजे. ठेवल्यावर कळलं तर पाडायचे पैसे वेगळे.

रिसोर्स गोळा करणं, इमारत निवडून जमिनीवर ठेवणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. उदाहरणं आठ-दहा गेममधली आहेत, कारण प्रत्येक गेममध्ये पाण्याचा स्वभाव निराळा असतो. मधूनमधून मुंबई येईल. सात बेटं भराव घालून जोडलेल्या गावात राहतो आपण, मग दाखला शोधायला लांब कशाला जायचं?

पायरी १: पाण्याची जात ओळखा

गेम सुरू झाला की गावकरी कामाला लावा आणि मग मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, बोट ठेवा. खरोखरचं बोट. किनाऱ्याच्या कडेकडेने फिरवत न्या. बोट नकाशाच्या कडेला किंवा शत्रूच्या किनाऱ्याला पोचलं, तर ते पाणी लढाऊ जहाजांच्या कामाचं. फिरून परत तुमच्याच दारात आलं, तर ते तळं. तळ्यात मासेमारी होईल, आरमार नाही.

नकाशा अजून काळा असेल तर अंदाजाने गोदी टाकू नका. 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये सुरुवातीला मिळणारा घोडेस्वार एकदा किनाऱ्याने दौडवा. पहिली मासेमारी बोट ७५ लाकडांना पडते. तिलाही माशांवर सोडण्याआधी एक चक्कर मारून आणायला हरकत नाही. दोन मासे कमी मिळतील, पण समुद्र कुठवर आहे ते कळेल.

दुसरी गोष्ट खोली. याच गेममध्ये फिकट रंगाचे उथळ पट्टे असतात. आपल्याकडे गावाला नदीचा 'उतार' म्हणतात ना, जिथून बैलगाडी पाण्यातून पलीकडे जाते, तेच हे. तिथून पायदळही जातं आणि जहाजही. नवशिका नदीला भिंत समजतो, त्या बाजूला कुंपणच घालत नाही, आणि पंधराव्या मिनिटाला शत्रूचे घोडे त्याच उतारावरून पाणी उडवत गावात शिरतात. म्हणून नदी दिसली की तिच्यावरचे उतार मोजायचे. दोन असतील तर तुमच्या गावाला दोन दारं आहेत.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. नदी टाइलवर, म्हणजे नकाशाच्या एका घरावर आहे, की दोन टाइलच्या शिवेवर? 'एज ऑफ एम्पायर्स' मध्ये नदी जागा खाते, तिच्यावर घर बांधता येत नाही. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये ती षटकोनी टाइलच्या कडेवरून वाहते. एक चौरस फूटही जागा न घेता दोन्ही काठांच्या टाइलना फायदा देते. त्यामुळे पहिल्या गेममध्ये नदीपासून थोडं अंतर राखायचं आणि दुसऱ्यात तिला बिलगून बसायचं. एका गेमची सवय दुसऱ्यात नेली की घोटाळा होतो.

पायरी २: गावाचा मुख्य ठिय्या

इथे 'सिव्हिलायझेशन ६' चंच उदाहरण घेतो, कारण त्यात हिशोब उघड दिसतो. गोड्या पाण्याला, म्हणजे नदी, तळं किंवा ओॲसिसला लागून शहर वसवलं तर त्याला ५ हाउसिंग मिळतं. नुसत्या समुद्रकिनारी ३. पाणीच नसेल तर २. हाउसिंग म्हणजे किती लोक राहू शकतील त्याची मर्यादा. लोकसंख्या त्या आकड्याच्या एक पाऊल अलीकडे आली की वाढ निम्म्यावर येते. म्हणजे कोरड्या माळावरचं शहर जन्मतःच दमेकरी.

सेटलर (नवं शहर वसवणारा) निवडल्यावर नकाशा हिरव्या छटांत रंगतो. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी. पहिलं शहर तिथेच. पहिल्या चालीत जागा चांगली नसेल, तर एक-दोन चाली चालून नदीपर्यंत जायला काही वाटून घेऊ नका.

"पण मला जहाजं हवीत," म्हणून लोक शहर थेट समुद्राला चिकटवतात. गरज नसते. हार्बर हा वेगळा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा एका कामाला वाहिलेला विभाग आहे. तो किनाऱ्यालगतच्या पाण्यात बसतो आणि शहर आत असलं तरी तीन टाइलच्या टप्प्यात चालतो. हार्बर शहराच्या केंद्राला अगदी चिकटून आला तर जास्तीचं सोनं मिळतं, हे खरं. पण त्या लोभात नदी सोडू नका. नदी समुद्राला मिळते ते मुख सापडलं तर मात्र डोळे मिटून बसा: गोडं पाणी, हार्बर आणि नदीकाठच्या कमर्शियल हबचं (व्यापाराच्या डिस्ट्रिक्टचं) जादा सोनं, सगळं एका जागी.

नदी लांब राहिली तर शहरात पाणी आणणारा ॲक्वेडक्ट आहे. त्याची अट अशी की एका बाजूने तो शहराच्या केंद्राला टेकला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने नदी, तळं, ओॲसिस किंवा डोंगराला. ही जागा सुरुवातीलाच मोकळी ठेवा. मी तिथे हमखास शेत करून टाकायचो आणि मग मोडायला जीव व्हायचा नाही. २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या याच गेमच्या पुरवणीत धरणही आलं. ॲक्वेडक्ट आणि धरण या दोघांच्या बेचक्यात इंडस्ट्रियल झोन बसवला तर दोन्हीकडून उत्पादनात दोन-दोन गुणांची भर पडते. म्हणून नकाशावर तीन पिना आधी टोचायच्या: इथे ॲक्वेडक्ट, इथे धरण, मधे कारखाना. बांधायला पन्नास चाली लागल्या तरी चालतील, पण त्या तीन टाइलवर दुसरं काही नको.

पायरी ३: गोदी कुठे?

मुंबईच्या जुन्या गोद्या बघा. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, अलेक्झांड्रा डॉक (आजचं इंदिरा डॉक) १९१४. एकजात सगळ्या पूर्व किनाऱ्याला. पश्चिमेला मोकळा अरबी समुद्र, पावसाळ्यात वरळीला लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. पूर्वेला शहर स्वतः आडोसा देतं. पुढे १९८९ मध्ये नवं बंदर झालं तेही पलीकडे न्हावा-शेव्याला, त्याच आतल्या पाण्यात.

बहुतेक गेममध्ये लाटा नसतात, पण शत्रूची जहाजं असतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावरच्या गोदीचं ती तेच करतात. तेव्हा गोदीसाठी खाचखळगा शोधा, किनारा जिथे आत वळलाय अशी जागा. मात्र फार अरुंदही नको. खाडीचं तोंड दोन जहाजांच्या रुंदीचं असेल तर शत्रूने तिथे तीन जहाजं उभी केली की तुमची सगळी आतच कोंडली.

'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये गोदीला १५० लाकूड लागतं. मी दोन वेगळ्या बांधतो. एक माशांजवळ, कारण बोटीला मासे आणून टाकायला गोदीच लागते. अंतर निम्मं झालं की बोटीच्या खेपा वाढतात, शेतावर खर्च करायचं लाकूड वाचतं. दुसरी लढाऊ, खाडीच्या तोंडाकडे, जहाजं निघाली की लगेच मोकळ्या पाण्यात. दोन्ही कामं एकाच गोदीवर टाकली तर मासेमारी बोटी आणि लढाऊ जहाजं एकमेकांत अडकतात, संध्याकाळी दादरच्या पुलावर अडकतात तशी. पुढे माशांचे सापळे लावाल, तेही गोदीच्या पाठीला किंवा बगलेला. तोंडासमोर लावले की आपलीच वाट अडते.

गोदीच्या जमिनीकडच्या बाजूचा विसर पडतो. ती इमारत पाण्यात असली तरी किनाऱ्यावरून कोणीही येऊन फोडू शकतं. मागे एक टॉवर आणि कुंपणाचा तुकडा असू द्या.

'बॅनिश्ड' मध्ये लढाई नाही, तरी गोदीच्या जागेला तेवढंच महत्त्व. फिशिंग डॉक ठेवताना भोवती एक वर्तुळ दिसतं. त्यात जितकं पाणी जास्त तितके मासे जास्त. सरळ काठावर अर्धं वर्तुळ जमिनीवर वाया जातं. नदीत घुसलेल्या टोकावर किंवा बाकावर बांधलं तर बरंच पाणी आत येतं. दोन डॉकची वर्तुळं एकमेकांवर चढली तर तेच मासे दोघांत वाटले जातात. आणि ट्रेडिंग पोस्ट नेहमी नकाशाबाहेर जाणाऱ्या मुख्य नदीवर. व्यापाऱ्याची नाव बाहेरून येते, तळ्यात ती कुठून येणार?

'ॲनो १८००' बद्दल एवढंच: तिथे किनारा ही सगळ्यात महागडी जमीन. जे आत बांधता येतं ते किनाऱ्यावर कधीच नको. धक्के, गोदामं, जहाजबांधणी आणि बचावाच्या तोफा एवढ्यांनीच तो पट्टा भरून जातो.

पायरी ४: वरचं अंग, खालचं अंग

गावातल्या पाणवठ्यावर कोणी पाटी लावलेली नसते, तरी सगळ्यांना ठाऊक असतं: वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याच्या खाली गुरं, सगळ्यात खाली धुणं. 'सिटीज: स्कायलाइन्स' (२०१५) मध्ये नेमकं हेच करायचं असतं. पंप प्रवाहाच्या वर, सांडपाण्याचं तोंड प्रवाहाच्या खाली. या गेममधलं पाणी खरोखर वाहतं, तुंबतं आणि घाण वाहून नेतं.

हे सगळं माहीत असूनही मी एक अख्खं शहर आजारी पाडलं. झालं असं की मला समुद्रकिनारी गाव हवं होतं. एक छान गोल उपसागर बघितला. डाव्या टोकाला पंप लावला, उजव्या टोकाला सांडपाणी सोडलं. मधे एवढं अंतर की मला वाटलं, समुद्र आहे, घेईल पोटात. पहिली दोन वर्षं काही झालं नाही. मग घरांवर आजाराची चिन्हं दिसायला लागली. मी दवाखाना वाढवला. दुसरा बांधला. मग वाटलं कचरा साचतोय, म्हणून कचऱ्याच्या गाड्या वाढवल्या. मग वाटलं कारखाने जवळ आहेत. तासभर असा चाचपडत होतो आणि एकेक घर रिकामं होऊन काळवंडत होतं. शेवटी पाण्याचा व्ह्यू उघडला. तपकिरी डाग उजव्या टोकापासून किनाऱ्याला चिकटून सरकत सरकत बरोबर माझ्या पंपापाशी आला होता. पाण्याची जीभ असावी तसा.

कारण साधं होतं. त्या उपसागरात प्रवाहच नव्हता. वाहून न्यायला कोणी नाही म्हटल्यावर घाण पसरत राहिली. त्यातून पंप पाणी खेचतो, म्हणजे संथ पाण्यात तोच स्वतःकडे प्रवाह तयार करतो. जितके पंप वाढवले तितकी घाण जवळ ओढली गेली.

म्हणून असं करा. पंप निवडला की बांधायच्या आधी थांबा आणि पाण्यावर दिसणाऱ्या प्रवाहाच्या खुणा बघा. त्या हलत नसतील तर तिथे पंप आणि सांडपाणी दोन्ही नको, एकच काय ते ठेवा. नदी असेल तर पंप वर, सगळ्या वस्तीच्याही वर. पुढे शहर वाढून नवी वस्ती खाली गेली तरी नवा पंप तिथे टाकायचा मोह आवरा, पाइप लांबवा. पाइप स्वस्त पडतो. आणि माझ्यासारखी वेळ आलीच तर आधी जमिनीवर पाण्याची टाकी बांधा. ती भूजल उपसते. फक्त कारखान्यांपासून लांब, कारण जमीन दूषित असेल तर टाकीचं पाणीही दूषितच निघतं. टाकी चालू झाली की मग पंप हलवा.

धरणाचंही इथेच सांगून टाकतो. बांधायच्या आधी गेम सेव्ह करा. वरच्या बाजूला पाणी चढतं आणि सखल काठावरची घरं बुडतात. खालची नदी बराच वेळ आटते आणि तिच्यावरचे पंप कोरडे पडतात. दोन्ही बाजूंना नजर टाकल्याशिवाय बटण दाबू नका.

पायरी ५: जास्तीचं पाणी, कमी पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघणारी मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटरची, माहीमच्या खाडीला मिळते. त्या दिवशी तिने दाखवून दिलं की तिच्या काठचा भराव आणि खाडीची पाणथळ जमीन आधी तिची होती. भरती असेल तर नाल्याच्या तोंडापेक्षा समुद्र वर असतो, पाणी बाहेर जायच्याऐवजी आत यायला बघतं. म्हणून हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपिंग स्टेशनं आहेत. आमच्या हिंदमाताला पाणी भरतं त्याचं मुख्य कारणही एवढंच, की ती जागा बशीसारखी आहे.

गेममध्ये बशी ओळखायला शिका. 'गॅदरिंग स्टॉर्म' मध्ये किनाऱ्याच्या सखल टाइलवर १, २ किंवा ३ मीटरची खूण असते. समुद्र वाढत गेला की १ मीटरवाल्या आधी जातात. तिथे शेत, मासेमारी असलं हलकंफुलकं ठेवा. कॅम्पस (विद्येचा डिस्ट्रिक्ट) किंवा वंडर (जगातलं एखादं आश्चर्य) ठेवलं तर पुढे फ्लड बॅरियरचा, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बांधाचा खर्च अंगावर येतो, आणि तो सखल टाइलच्या संख्येनुसार वाढतो.

पूर मैदानाला मात्र भिऊन पळू नका. पूर येतो, बांधकाम मोडतो, पण गाळ टाकून जातो आणि त्या टाइलचं उत्पन्न वाढतं. शेत मोडलं तर दुरुस्त होतं. डिस्ट्रिक्ट मोडला की जास्त दुखतं. तेव्हा पुराच्या पट्ट्यात शेती, डिस्ट्रिक्ट एक टाइल वर. १९९९ च्या 'फॅरो' मध्ये तर नाईलच्या पूर मैदानावर शेतं, रस्ते आणि पाट सोडून दुसरं काही बांधूच देत नाहीत. शिकायला तो गेम उत्तम.

उलटी बाजू म्हणजे 'टिंबरबॉर्न'. यात बीव्हर नावाचे कुरतडे प्राणी गाव वसवतात आणि ठरावीक दिवसांनी दुष्काळ पडतो, म्हणजे नदी वाहायचीच थांबते. पहिला दुष्काळ नवशिक्यांचं गाव संपवतो. सुरुवात केल्या केल्या पंप बसवा आणि पंपांच्या खालच्या बाजूला नदीच्या पूर्ण रुंदीत लाकडी बंधारा घाला. वरच्या बाजूला नाही, नाहीतर पाणी पंपाच्या मागे साठेल आणि पंपासमोर चिखल राहील. पंपाची नळी किती खोल जाते तेही बघा. पातळी नळीच्या खाली गेली की डोळ्यांसमोर पाणी असूनही घोटभर मिळत नाही.

साठा करताना पसरट तळं करू नका. या गेममध्ये बाष्पीभवन पृष्ठभागावर होतं. तेच पाणी अरुंद आणि खोल साठवलं तर जास्त दिवस पुरतं. मुंबईचं गणितही काहीसं असंच, चार महिन्यांचा पाऊस तानसा, भातसा, वैतरणा धरून सात तलावांत अडवायचा आणि वर्षभर प्यायचा. जून लांबला की कपातीची बातमी ठरलेली.

आणि घरं कुठे? पाण्याजवळची जमीन हिरवी दिसते, पीक फक्त तिथेच येतं. त्या हिरव्या पट्ट्यावर घर किंवा कोठार बांधणं म्हणजे बागायती जमीन एनए करून टाकणं. घरं मागे, करड्या जमिनीवर. बीव्हर चालत येतील, त्यांना पाय आहेत.

पायरी ६: तोफेच्या टप्प्यात काय नको

'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये कॅनन गॅलियन या तोफेच्या जहाजाचा टप्पा १३ टाइल आहे, किल्ल्याचा ८. म्हणजे पाण्याच्या अगदी काठावर दिमाखात बांधलेला किल्ला जहाज लांब उभं राहून निवांत फोडू शकतं आणि किल्ल्याचा एक बाण तिथवर पोचत नाही. किल्ला चार-पाच टाइल मागे घ्या, असा की शत्रू माणसं उतरवेल तो किनारा त्याच्या बाणांखाली येईल. गोदीचं रक्षण जहाजांनी करायचं, किल्ल्याने नाही. काठाच्या पट्टीवर घरं असू द्या. गेली तर गेली. टाउन सेंटर, बाजार, विद्यापीठ आत.

बेटांच्या नकाशावर एक गोष्ट कायम बघा: शेजारी दुसरं बेट आहे का? १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर, खांदेरीवर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी आरमार आणून अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. जागा इतकी मोक्याची की तिथून मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर राहायची. मग १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने काय केलं? हाकेच्या अंतरावरची उंदेरी घेतली आणि तिथे तोफा चढवल्या. गेममध्ये मोक्याचं बेट पकडलं की त्याच्या टप्प्यातलं शेजारचं बारकं बेटही पकडा, निदान तिथे एक टॉवर टाका. रिकामं ठेवलंत तर कोणीतरी येऊन बसतंच.

लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी

फोनवर 'पॉलिटोपिया' आहे. त्यात पोर्ट तुमच्या शहराच्या हद्दीतल्या उथळ पाण्यावरच बसतं, आणि सैनिक पोर्टवर पाऊल ठेवताच नावेत बदलतो. म्हणून पोर्ट शत्रूच्या दिशेला तोंड करून, नाहीतर दोन चाली वळसा घालण्यात जातात. अँड्रॉइडवर 'युनसिव्ह' फुकट मिळतो, नदी शिवेवर म्हणजे काय ते त्यात नीट कळतं. कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत एक शहर बरं उभं राहतं.

सराव

तीन नकाशे, याच क्रमाने, 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये. पहिला 'मेडिटेरेनियन'. मधोमध एकच समुद्र, सगळे त्याच्या काठाला, तळ्यात गोदी बांधायची भीतीच नाही. फक्त माशांची गोदी आणि लढाईची गोदी वेगळी करायचा सराव करा. दुसरा 'रिव्हर्स'. तिथे गोदीच्या आधी उतार मोजा आणि प्रत्येक उताराच्या आपल्या बाजूला टॉवर घाला. तिसरा 'आयलंड्स', पण निदान पंधरा दिवसांनी. तिथे समुद्र हरलात की बेटही गेलं.

भाच्याने अर्थात ऐकलं नाही. दिवाळीत आला तो थेट 'आयलंड्स'वर बसला. गोदी या वेळी बरोबर समुद्रात होती, खाचेत, मागे टॉवरसुद्धा. वीस जहाजांनी शत्रूचा किनारा साफ केला. आणि मग लक्षात आलं, की माणसं पलीकडे न्यायला ट्रान्सपोर्ट शिप लागतं, त्याला १२५ लाकूड लागतं, आणि बेटावरचं शेवटचं झाड विसाव्या जहाजात गेलंय.